ओरखड्याची जागा

समोरच्या रस्त्यावर वरात थांबली होती आणि बँडवाले एक जुनं अमेरिकन गाणं वाजवत होते. सोल आणि फंक वाजवणाऱ्या कुठल्याशा बँडचं हे एकच गाणं गाजलं. पुढे ते कितीजणांनी आपापल्या परीनं म्हटलं; कुणी संथ केलं, कुणी नुसत्या गिटारवर. परवा एका मॉलमध्ये तर ते बासरीवर चालू होतं. गाणी अशी घरं बदलत राहतात, आणि आपल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही.

इथं मात्र मध्येच एक झटका होता. सूर अडखळायचा, तोच तुकडा पुन्हा यायचा, मग गाणं पुढे सरकायचं. ट्रंपेटवाले काका पाणी मागायला आमच्या फाटकाशी आले, तेव्हा मी विचारलं.

"वडिलांनी तबकडी ऐकून बसवलं होतं," ते म्हणाले. "तिच्यावर तिथं ओरखडा होता. त्यांना वाटलं, गाणंच तसं आहे."

"मग आता दुरुस्त का नाही करत?"

"मुलानं मोबाईलवर खरं गाणं ऐकवलं की. पण लोक तिथंच उडी मारतात हो. ती कशी काढायची?"

ते परत गेले. पुन्हा तेच गाणं सुरू झालं. झटका आला आणि काठी टेकत चाललेल्या आजोबांसकट सगळी वरात उडाली.

संध्याकाळी मी मूळ गाणं लावलं. अगदी स्वच्छ होतं. ती जागा आली तशी माझी टाच आपोआप उचलली गेली, आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं.