फोन सापडला, माणूस नाही

त्या दिवसाचा विषय निघाला की मला आजही एका जागी बसवत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावं सांगणार नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. अडीचच्या सुमाराला पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे पती भातगिरणीची यंत्रं विकत. सकाळी महाडला एका गिऱ्हाइकाला भेटून ते कापडे गावाच्या पुढच्या एका गिरणीवर निघाले होते.

"त्यांचा फोन दोनपासून बंद लागतोय," बाई म्हणाल्या. "धंद्याचा माणूस फोन बंद ठेवत नाही, साहेब."

"शेवटचं ठिकाण कळलं का?"

"लोकेशन पाठवलं होतं, पण एकाच तासाचं. ते कापड्याच्या पुढे रस्त्यावर संपलं."

ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली. दोन शिपाई मोटारसायकलवर धाडले. गाडी त्यांना रस्त्याकडेला मिळाली, कुलूपबंद. मागच्या सीटवर लॅपटॉप तसाच होता, म्हणजे लुटीचा प्रकार दिसत नव्हता. गिरणीवर चौकशी केली, तिथे हा माणूस पोहोचलाच नव्हता. मोबाइल कंपनीकडून टॉवर कळला, पण आमच्या डोंगरात एका टॉवरखाली चार-पाच वाड्या आणि अख्खी दरी येते. शोधायचं कुठे?

तेवढ्यात पोलादपूरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याचा फोन आला. "साहेब, वरच्या वाडीतला एक म्हशीवाला महागडा फोन चालू करून मागतोय. पोराने मुंबईहून पाठवला म्हणतो, पण लॉक त्याला उघडता येत नाय."

साडेतीनला तो माणूस माझ्यासमोर होता. पन्नाशीचा, पायात झिजलेल्या चपला, रिकामा दुधाचा कॅन मांडीवर धरून बसलेला. फोन त्या बेपत्ता माणसाचाच निघाला.

"कुठे मिळाला?"

"ओढ्यात."

"आणि माणूस?"

"माणूस मी बघितला नाय."

"मग पोराने पाठवला असं का सांगितलंस?"

तो गप्प झाला. खोटं बोललेला माणूस गप्प झाला की पोलिसाला वाटतं, आता धागा हाती लागला. मलाही तसंच वाटलं. मी आवाज चढवला. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. सोबतच्या हवालदाराने टेबलावर हात आपटला. म्हशीवाला कॅनच्या कडीकडे बघत राहिला. मी उठून खिडकीपाशी जात होतो, परत येत होतो. उजेड साडेसहापर्यंतच होता. पाऊण तास असाच गेला.

ठाण्यातलं संगणकाचं काम बघणाऱ्या आमच्या महिला हवालदार अनुभवी होत्या. त्यांनी मला न विचारताच पुण्याच्या बाईंना फोन लावला. "ताई, तुमच्या मिस्टरांच्या फोनमधले फोटो घरच्या कॉम्प्युटरवर आपोआप येतात का?"

येत होते. बाईंनी शेवटचा फोटो पाठवला. वेळ बारा चाळीस. ठिकाणाची नोंद नव्हती. लोकेशनचा तास संपल्यावर बॅटरी वाचावी म्हणून त्याने ती बंद केली असावी. महाडच्या गिऱ्हाइकाने सही केलेलं दरपत्रक कातळावर ठेवून फोटो काढला होता. ऑफिसला तो लगेच पाठवायचा असणार. रस्त्यावर रेंज नाही, म्हणून तो रेंज शोधत चढावर गेला, एवढं मला तेव्हा उमगलं. पण कुठल्या चढावर?

फोटोच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड अर्धवट दिसत होता. हवालदारबाईंनी आपल्या फोनवरचा तो फोटो सरळ म्हशीवाल्यापुढे धरला. "दादा, हे ओळखता का?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "हा आमचा गुरांचा देव हाय. वरच्या धारेवरचा." मग तो उभाच राहिला. "साहेब, फोन मला त्याच्या बराबर खाली गावला. मग माणूस तिथनंच पडला."

मी म्हटलं, "वाट दाखव."

"रस्त्यानं नको. ओढ्यानं चला, लवकर जाऊ."

पाच शिपाई, तो आणि मी. वाटेत एका वाडीतून दोर आणि घोंगडी घेतली. तो पुढे भराभरा चालत होता, मी मागे धापा टाकत. साडेपाचच्या सुमाराला तो थांबला आणि हाक दिली. वरच्या करवंदीच्या जाळीतून उत्तर आलं, अगदी बारीक. शब्द कळला नाही, पण ते माणसाचं उत्तर होतं.

जाळीत अडकलेल्या त्या माणसाच्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. ओठ सुकून पांढरे पडले होते. म्हशीवाल्याने त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओंजळीने पाणी पाजलं. घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला खाली आणलं. माणूस वाचला. पाय मात्र आखडला तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी म्हशीवाल्याचा जबाब नोंदवला. फोन वाजायला लागला तेव्हा तो घाबरला, कुठलं तरी बटण दाबलं आणि फोन बंद पडला. मालकाला कळवावं म्हणून तो दुकानात नेला. दुकानदाराने संशयाने विचारलं, तेव्हा तोंडून खोटं निघालं. सही झाल्यावर मी म्हणालो, "काल माझं चुकलं."

तो म्हणाला, "तुमी चोराला विचारतात तसं विचारलंत, साहेब. वाट विचारली असती तर सांगितली असती."

हल्ली फिरतीवर असणाऱ्या लोकांसमोर बोलायला मला बोलावतात. मी सांगतो, लोकेशन तासाभरासाठी नको, दिवसभरासाठी घरच्यांना पाठवा. डोंगरात शिरण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. लॉक न उघडता घरच्यांचा नंबर आणि रक्तगट दिसेल अशी सोय प्रत्येक फोनमध्ये असते, ती आजच भरा. तेवढं केलेलं असतं तर त्या दुकानदाराने आधी घरी फोन केला असता. फोटो घरी आपोआप जाऊ द्या. लोक लिहून घेतात.

तेवढ्यावर थांबलो तर माझंही बरं दिसतं. पण मी पुढचंही सांगतो. डॉक्टरांना मी नंतर विचारलं होतं, पाऊण तास आधी आणला असता तर पाय बरा झाला असता का? ते म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी हो किंवा नाही म्हटलं असतं, तर मला त्यातून बाहेर पडता आलं असतं.