बाबांचा बाप्तिस्मा

आमच्या घरात आई जन्मापासून ख्रिस्ती, बाबा मात्र नव्हते. लग्न झालं तेव्हा कळंबकडच्या त्यांच्या मोठ्या भावानं सांगितलं, या घरात पाय ठेवू नको. बाबांनी ते खरं मानलं. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते. दर रविवारी आईबरोबर उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. प्रभुभोजनाची भाकर फिरायची तेव्हा बाप्तिस्मा झालेला नसल्यानं ते मान खाली घालून ती पुढच्या माणसाकडे सरकवायचे. बाप्तिस्मा का घेत नाही, असं आईनं कधी विचारलं नाही.

मी आठवीत असताना बाबांची आई वारली. निरोप आला तसे बाबा बसस्टँडवर गेले आणि तासाभरात परत आले. भावाचा शब्द त्यांना ओलांडवला नाही. त्यानंतर आजीचा विषय घरात निघाला नाही.

निवृत्त झाल्यावर एक दिवस ते स्वतःच चर्चच्या पाळकांकडे गेले. पाळक वयानं माझ्याहून लहान. त्यांनी समजावलं, "पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं. वर येणं म्हणजे नवं जीवन."

"म्हणजे जुना माणूस मरते?"

"हो, काका."

"मंग त्याचं एक काम राह्यलं हाये," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी यवतमाळला बस बदलून कळंबला उतरलो आणि ऑटोनं गावात गेलो. बाबांचे मोठे भाऊ, माझे काका, अंगणात ताडपत्रीवर तुरी वाळवत होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बाबांचंच नाक, बाबांचीच उभं राहायची ढब.

बाबा दारातूनच बोलले. "दादा, मायच्या मातीले आलो नाही. चुकलं माह्यं. तेवढं सांगाले आलो."

काकांनी आम्हाला बसायला लावलं. बाप्तिस्म्याचं ऐकून ते म्हणाले, "पाण्यात बुडवल्यावर तू आमचा राह्यशीन का नाही?"

"तुहा भाऊ तर राह्यीनच. मायच्या मातीले न आलेला जो हाये ना माह्यात, त्याले बुडवाचं हाये."

काका तुरीत हात फिरवत राहिले. मग बाबांकडे न पाहता म्हणाले, "तू आला असता तरी माय भेटली नसती. मी निरोपच उशिरा धाडलता. सारं आटोपल्यावर. मुद्दाम."

बाबा उठले. आम्ही परतीची बस धरली. मला वाटलं, चला, त्यांच्या मनावरचं ओझं तरी उतरलं. पण रविवारी त्यांनी पाळकांना सांगितलं, "थोडं थांबा. माफी मांगाले गेलतो, राग घेऊन आलो. असा पाण्यात उतरून कायले खोटं करू?"

पाळक म्हणाले, "राग गेल्यावरच यायचं असं नाही, काका. तो घेऊनही येता येतं."

"तुमचं बरोबर असन. पण मले जमत नाही."

दोन महिने गेले. बाबा जेवायचे, फिरायला जायचे, कमी बोलायचे. एका सकाळी अंगणात खुर्ची टाकून त्यांनी मला काकांचा नंबर लावायला सांगितला. फोनवर ते एवढंच बोलले, "दादा, राग अजून पुरा गेला नाही, तो घेऊनच उतरतो. येत्या रविवारी अरुणावतीच्या धरणावर बाप्तिस्मा हाये माहा. तू येजो."

काका येतील असं आईला वाटलं नव्हतं. ते आले. मंडळी काठावर गाणं म्हणत होती, तेव्हा ते जरा दूर, चपला हातात घेऊन उभे होते. बाबा कमरेइतक्या पाण्यात गेले. पाळकांनी त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांना आडवं करून पाण्याखाली नेलं. क्षणभर बाबा दिसेनासे झाले. मी लहानपणापासून कितीतरी बाप्तिस्मे पाहिले होते. पण ते पुरणं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. वर आले तेव्हा ते खोकत होते, चिखलात पाय घसरत होता. काका पँट भिजवत पाण्यात शिरले, त्यांचा दंड धरून त्यांना काठावर आणलं आणि आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांचं डोकं पुसू लागले.

"थंडी वाजते का?"

"वाजते थोडी."

त्या दिवशी चर्चमध्ये बाबांनी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. काका शेवटच्या बाकावर बसून होते. दुपारी आमच्याकडे दोघं शेजारी जेवायला बसले, तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "दादा, माय शेवटी काय म्हणे?"

काकांनी घास ताटात ठेवला आणि आजीचा शेवटचा आठवडा पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.