आबाजींचा फोटो

पुढारी गेल्याला जितकी वर्षं होतात, तितके त्याचे किस्से वाढत जातात. आमच्या गावचे आबाजी इंग्रजांच्या काळात तालुक्यातले पक्षाचे पहिले अध्यक्ष. मी रिटायर्ड मास्तर, वाचनालयाचा सचिव, त्यामुळे सगळा माल माझ्याकडे जमा! पुरवठा त्यांच्या कन्या अनुसयाबाईंचा. वय नव्वदीपार, आवाज खणखणीत.

*

आबाजी अध्यक्ष झाले तेव्हा पक्षात सदस्य एकच. तेच! ठराव तेच मांडत, अनुमोदनही तेच देत. एकदा ठराव नामंजूर झाला.

"काहून जी?" बायकोनं विचारलं.

"मले पटला नाही!"

*

सानगडीच्या बाजारात आबाजी बोलायला उभे राहिले की बाजार लवकर उठायचा. शेवटी उरायचा तो पाळतीवरचा साध्या वेशातला पोलीस. भाषण वहीत उतरवणं ही त्याची ड्यूटी.

"आबाजी, हळू बोला जी, हात दुखून राह्यला!"

आबाजी हळू बोलू लागले. सभा तासभर लांबली.

*

हाच पोलीस एकदा वॉरंट घेऊन आला. आबाजी चिखलात भात रोवत होते.

"बांधीत पाणी हाय. रोवणा होऊ दे, मंग येतो."

वाट पाहून पोलीस कंटाळला आणि स्वतःच चिखलात उतरला. संध्याकाळी दोघं गुडघाभर चिखलानं माखलेले ठाण्यात हजर. ठाणेदारानं दोघांना खालून वर पाहिलं.

"यातला आरोपी कोणता?"

*

यंदा वाचनालयाची नवी इमारत झाली. आबाजींचा एकुलता एक फोटो बारा वर्षांपूर्वी मीच शोधून काढलेला. जुन्या सभेचा होता. एक जण उभा, तोंड वासलेला. दुसरा बसलेला, हातात वही-पेन, चेहरा गंभीर. विचारवंत तो हाच! उभ्याला कापलं, बसलेल्याला मोठं करून फ्रेम केलं. तेव्हापासून दर पुण्यतिथीला त्याला हार घातला आणि 'त्या करारी डोळ्यांवर' भाषणंही ठोकली.

उद्घाटनाला आमदार आलेले. गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या अनुसयाबाईंना यंदा हट्टानं गाडीतून आणलं. हार त्यांच्याच हातून घालायचा होता. त्यांनी चष्मा लावला, फोटो निरखला आणि माझ्या कानाशी लागल्या.

"गुरुजी, हा तं बाबाच्या मागचा पोलीस व्हय!"

बारा वर्षांची अब्रू आमदारांसमोर जाणार! मी फ्रेमला हात घातला. "बाई, आत्ता उतरवतो."

"राहू द्या जी," हार पुढे करत त्या म्हणाल्या. "बाबाच्या सभेत शेवटपर्यंत हाच तं एकटा बसे!"