सप्ताहाची पोथी

गाइडं गेली, कादंबऱ्या गेल्या, तरी चाकणच्या बाजारात माझ्या पुस्तकांच्या दुकानाचं शटर रोज वर जात होतं, ते एका पोथीच्या जिवावर. आमच्याकडे गावोगाव हरिनाम सप्ताह होतो. सकाळी अख्खं गाव रांगेत बसून पारायण करतं, आणि नव्या वाचकांच्या पोथ्या माझ्याकडून जायच्या. "बाकी काय वाचायचं ते मोबाईलवर वाचू देत, पोथी नाही वाचणार," असं मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगायचे. मोठी शहाणी!

गेल्या वर्षी जवळच्या गावातला एक जण दुकानात आला. कंपनीत पहिली पाळी, त्यामुळे त्याचं पारायण बुडत होतं. "ताई, रोजच्या अध्यायांचं फोटो धाडता का? बसमधी वाचीन. पोथी न्यायची म्हंजी कुणाच्या पायाला लागती." इतक्या श्रद्धेनं मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? सातही दिवस स्वयंपाक उरकून मी एकेक पान दाबून धरलं, फोटो काढले, पाठवले. पुण्य केलं म्हणून खूशही होते.

यंदा त्या गावाची मागणीच आली नाही. आठवडाभर वाट पाहिली, जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी सप्ताह सुरू झाला तशी पोथ्यांचा गठ्ठा स्कूटरवर बांधून मीच गेले.

मंडपात माणसं रांगेत बसलेली. पुढ्यातले लाकडी स्टँड तेच, पण त्यावर मोबाईल उभे. सगळ्यांची बोटं एकदमच सरकत होती. पानांची सळसळ म्हणून नाही. एका आजींच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पानाच्या कडेला माझा अंगठा, नखात हळद. शेजारच्या मोबाईलवरही तोच. त्याच्या पलीकडेही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मीच होते.

वाचन संपलं तशी सप्ताहाच्या अध्यक्षांची नजर माझ्यावर गेली. "आवं, ह्याच त्या ताई! ह्यांच्यामुळंच घरोघर पोथी पोचली!" टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

"आता पंचक्रोशीतल्या समद्या गावांला हेच फोटो धाडतो. ताई, तुमची हरकत न्हाई ना?"

ती सगळी गावं माझी गिऱ्हाइकं. नका हो, माझं दुकान बसेल, असं ओरडावंसं वाटलं. पण समोर अख्खं गाव हात जोडून बसलेलं. अध्यक्षांनी माईक माझ्या तोंडाशी धरला.

"धाडा की," मी म्हणाले.