लिनचं इंग्रजी आणि आम्ही दोघं मास्तर

किस्से जमवावे लागत नाहीत. घरात ऐकणारं माणूस उरलं नाही की ते आपोआप साचतात. बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासूनचे बरेच साचलेत. त्यातले हे वरच्या मजल्याचे.

चितेगावच्या एका कारखान्यात चिनी इंजिनिअर आला आणि बायको-मुलीसह माझ्याकडं वर भाड्यानं राहू लागला. मुलगी लिन, अडीच वर्षांची, फक्त मँडरिन बोलणारी. आईला थोडं इंग्रजी येई. बाकीचं तिचा मोबाइल मराठीत सांगे. एकदा मोबाइल म्हणाला, "आदरणीय काका, जूनपासून ही पाळणाघरात जाईल. तिथं हिला इंग्रजीतून पाणी, भूक, शू आणि 'आई हवी' एवढं तरी सांगता आलं पाहिजे. नाहीतर दिवसभर रडेल. आपण शिकवाल का?"

इतक्या अदबीनं माझ्याशी ऑफिसात कुणी बोललं नव्हतं. हो म्हणालो.

*

पस्तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली, पण बोललो कुणाशीच नव्हतो. पहिल्या दिवशी ग्लास समोर ठेवून म्हणालो, "मे आय काइंडली हॅव सम वॉटर."

शेजारचे रज्जाकभाई, माझ्यासारखेच निवृत्त, रोज सकाळी चहाला येतात. म्हणाले, "साहब, बच्ची प्यासी है. दरख्वास्त कायकू लिखवा रहे?"

मजकूर 'वॉटर'वर आणला. मला ती 'आबा' म्हणू लागली, तेवढा एक शब्द मराठी.

*

तीन आठवडे झाले तरी लिन 'हंग्री' म्हणेना. आई एकदा बघायला बसली. लिननं खाऊच्या डब्याकडं नुसतं पाहिलं, तर रज्जाकभाईंनी नानकटाई तिच्या हातावर ठेवली. मी केळं सोललं.

"अंकल, नो गिव्ह. फर्स्ट शी आस्क," आई म्हणाली.

रज्जाकभाई दुखावले. "घर आया बच्चा माँगेगा? तौबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही डबा मांडीवर धरून बसलो. लिन आमच्याकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं. पाच मिनिटांनी रज्जाकभाईच म्हणाले, "हंग्री," आणि डबा उघडला.

*

'बाय' आम्ही शिकवलंच नव्हतं. ते तिला आधीपासून येत होतं. अकराला आई न्यायला यायची, लिन जिन्यावरून हात हलवायची, "बाय." मग रज्जाकभाई उठायचे. मग मी कप विसळायचो. काम दहा मिनिटांचं आहे, मी ते साडेबारापर्यंत पुरवतो.

*

राहिलं 'आय वाँट मम्मी'. सोमवारी पाळणाघर सुरू होणार होतं. आई समोर असताना पोर ते कशाला म्हणेल? म्हणून शनिवारी आईला वर जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. लिन रडेना. माझा चष्मा घालून निवांत बसली.

"साहब, आप करके दिखाओ," रज्जाकभाई म्हणाले.

मी रिकाम्या जिन्याकडं तोंड केलं आणि म्हणालो, "आय वाँट मम्मी." तिचं लक्ष नव्हतं. म्हणून पुन्हा म्हणालो. पाचव्या-सहाव्या वेळी आवाज नीट लागेना. रज्जाकभाई खिडकीबाहेर पाहू लागले.

लिन उठली. चष्मा माझ्या मांडीवर ठेवला, माझं बोट धरलं आणि एकेक पायरी करत मला वर घेऊन गेली. दार वाजवलं. आईनं उघडल्यावर माझ्याकडं बोट दाखवून तिला स्पष्ट सांगितलं, "आबा वाँट मम्मी."