भज्जीचा डाग पडलेला अर्ज

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा मी एक्केचाळिसाव्या वर्षी पास झाले. घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला आणि धास्तीही मलाच बसली. मी मूळची मुखेडची. लग्न होऊन रेणापूरला आले, बी.ए., एम.ए. इथं राहूनच केलं आणि आता लातूरच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवते. पुढचं काम म्हणजे मार्गदर्शक शोधायचे, संशोधनाचा आराखडा लिहायचा, अर्जावर त्यांची सही घ्यायची आणि नांदेडला विद्यापीठाच्या समितीपुढं उभं राहायचं. समितीला पटलं तर प्रवेश, नाहीतर आपली आहेच तासिका.

मार्गदर्शक मिळाले. सर लातूरला नवीनच आलेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्याकडं एकच जागा उरली होती. मी विषय नेला होता ‘आधुनिक मराठी कवितेतील अस्तित्वभान’. सरांनी आराखडा दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, “बाई, हे ठीक आहे. पण यात तुम्ही कुठं आहात?”

मी “हो सर” म्हणून बाहेर पडले आणि घरी येऊन भांडी आपटली. राग आला, कारण ते खरं होतं. तो आराखडा मी तीन जुने प्रबंध पुढ्यात ठेवून बेतला होता. अस्तित्वभान म्हणजे काय, असं मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर मी चहा ठेवायला उठले असते.

अर्जाची शेवटची तारीख गुरुवार आणि बुधवारी सर परगावी जाणार. म्हणजे सही मंगळवारीच घ्यायला हवी. सोमवारी फोन केला तर सर म्हणाले, “उद्या घरी या.”

“सर, उद्या येळवस आहे.”

“म्हणजे काय?”

वेळ अमावास्येला आमचा अख्खा जिल्हा शेतात जेवायला असतो, हे या माणसाला माहीतच नव्हतं. मी समजावू लागले, तेवढ्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोन हातातून घेतला. “सर, आमच्या शेतात या जेवायला. घरच्यांस्नी बी आणा. न्हाई म्हणू नका, येळवशीला कुणी न्हाई म्हणत न्हाई.” सर नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर आणि मॅडम स्कूटरवरून आले. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप उभारून तिच्यात पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडले होते. पूजा झाली आणि आत्याबाई ताक-ज्वारीच्या आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटं मडकं, घेऊन उभ्या ज्वारीला फेरी घालायला निघाल्या. डहाळीनं आंबील शिंपडत पुढं त्या, मागं आम्ही. आमच्या आसपास हे काम बहुतेक पुरुष करतात. सासरे गेल्यावर धाकट्या दिरांनी बिंदगी मागितली होती. आत्याबाईंनी दिली नाही.

सरांनी विचारलं, “तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शिकवतंय कोण? मालक शिंपायचे, म्या मागून जायची. तीस वरीस बघिटलं.”

“आणि सुनेला शिकवलं का?”

“तिला कशाला? ती पुस्तकात असती.”

सगळे हसले. मीही हसले, पण ते लागलं. मग रीतीप्रमाणं शेजारच्या शेतांत घास-घास खायला गेले, तेव्हा प्रत्येक कोपीत विचारत सुटले, तुमच्यात बिंदगी कोण धरतं? एकीकडं थोरला मुलगा, एकीकडं जावई चालतो पण लेक चालत नाही. एक विधवा काकू म्हणाल्या, “माझ्या हातची ज्वारी चालती, आंबील चालत न्हाई.” मी परत आले तेव्हा माझ्या जुन्या आराखड्याची मागची बाजू भरून गेली होती.

सरांनी ती पानं जेवता जेवता वाचली आणि म्हणाले, “हाच विषय. आता तुम्ही दिसायला लागलात.” कोपीत बसूनच मी अर्जावर विषय लिहिला, ‘वेळ अमावास्येच्या विधीतील स्त्रियांचे ज्ञान आणि अधिकार’. सरांनी खाली सही केली आणि त्याच वेळी आत्याबाईंनी भज्जीची, म्हणजे बेसन लावून शिजवलेल्या शेंगा-पालेभाज्यांच्या पातळ भाजीची, पळी पुढं केली. सहीच्या शेजारी रुपयाएवढा पिवळाधमक डाग पडला. नवा अर्ज, नवी सही, याला आता वेळ नव्हता. तोच अर्ज घेऊन मी गुरुवारी नांदेडची एसटी धरली.

महिन्याभरानं समितीपुढं बसले. अध्यक्षांनी ते पान वर धरून विचारलं, “हे काय?”

“भज्जी, सर. येळवशीची.”

कडेचे एक सर पुढं वाकून म्हणाले, “तुमच्यात चिंच घालतात का?” दुसरे म्हणाले, “चिंचेशिवाय भज्जी असती का कुठं?” पाच मिनिटं समिती भज्जीवर भांडत होती आणि मी मनातल्या मनात नोंदी घेत होते. शेवटी समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “बिंदगी तुमच्या हातात कधी आली?”

“अजून नाही आली, मॅडम. आत्याबाई देत नाहीत. का देत नाहीत, तिथूनच सुरुवात करायची आहे.”

प्रवेशाचा मेल उन्हाळ्यात आला. मी अंगणात अक्षरशः उडी मारली. आत्याबाई तूर निवडत होत्या.

“काय विचारले गं तिथं?”

मी मॅडमचा प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं. त्यांचा हात सुपातच थांबला.

“असं सांगिटलीस? चार माणसांत?”

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्या उठल्या, आत गेल्या. फळीवरची बिंदगी पदरानं पुसत बाहेर आल्या, रांजणातलं पाणी तिच्यात भरलं आणि ती माझ्या हातात दिली.

“कमरेवर न्हाई. पोटाशी धर. आन् चाल.”

भर उन्हात आम्ही दोघी अंगणाला फेऱ्या घालत होतो. मी पुढं, त्या मागं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळं पाणी वाटेल तिकडं शिंपडलं जात होतं. तिसऱ्या फेरीला मागून आवाज आला, “आता जमायलालंय.”