रत्नामावशीचं पातेलं

दिल्लीच्या द्वारकेतल्या एका हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीने रत्नामावशीला फसवलं. मध्यस्थ मी होतो. गोल गोल बोलायची मला सवय नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

रत्नामावशी म्हणजे रत्ना भिंगारदिवे. मूळची नगरकडची, ख्रिस्ती, दिल्लीत सरकारी दवाखान्यात नर्स. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये एकटीच राहायची. मी तेव्हा पहाडगंजात चौघांत एक खोली घेऊन राहत होतो आणि पडद्याच्या कापडाचे तागे खांद्यावर टाकून दारोदार फिरत होतो. जानेवारीतल्या एका दुपारी तिच्या दारावरची पाटी वाचली आणि मराठीतच सुरुवात केली. तिने भाव पाडला, मी चढवला, तिने पुन्हा पाडला. माझा आवाज जिन्यात घुमायला लागला तशी तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आवाज खाली. पेशंट झोपलेत."

मी वरमून आत डोकावलो. आत चिटपाखरू नव्हतं. हे तिचं नेहमीचंच होतं, ते मला पुढे कळलं. भाजीवाल्याला, बसच्या कंडक्टरला, वरच्या मजल्यावर भांडणाऱ्या नवराबायकोला ती हेच सांगायची. हिंदीत सांगितलं तरी 'पेशंट' मात्र झोपलेलेच असायचे. आणि नवल म्हणजे माणसं खरंच आवाज खाली आणायची.

"टायफॉइड होऊन गेलाय ना तुला?" तिने विचारलं.

"महिना झाला."

"कापड ठेव खाली. बस."

तिने शेगडीवरचं पातेलं थेट टेबलावर आणलं, झाकण उघडलं, पण डाव हातात घेतला नाही. "हे मोठ्याचं आहे. म्हशीचं. चालत नसेल तर वरण आहे, लाजू नकोस."

"चालतं."

"चालतं, की आजपासून चालणार आहे?"

"आजपासून," मी म्हणालो.

"मग सावकाश खा."

पांढरट, दाट सूप होतं ते. त्यात मटणाचे मऊ तुकडे, बटाटा, वर भरडलेली मिरी. तीन वाट्या प्यायलो. आजारपणानंतर अंगात पहिल्यांदा ऊब आली. ती म्हणाली, "दिल्लीची थंडी अंगावर काढायची नसते रे, पोटातून काढायची असते." त्या दिवशी माझं कापड तिने विकत घेतलं नाही. मी मात्र दर रविवारी जायला लागलो.

हे सूप ती मिशनच्या दवाखान्यात शिकली होती. नर्सिंगच्या मुलींना तिथल्या स्वयंपाकघरात पाळीने राबावं लागायचं. मूळ पदार्थ इंग्रजी, पण तिच्या हातात तो नगरचा झाला होता. मटणाचे लहान तुकडे आणि एक नळी लोण्यात तांबूस होईपर्यंत परतायची. मग कांदा, ठेचलेला लसूण, चमचाभर मैदा, तमालपत्र आणि पाणी. कुकर तिच्याकडे होता, पण या कामाला ती तो वापरायची नाही. "शिट्टीने मटण घाबरतं," म्हणायची. दोन-अडीच तास मंद आचेवर ठेवून मटण बोटाने तुटायला लागलं, की गाजर आणि बटाटे. निम्मे बटाटे तुकडे करून, निम्मे उकडून, कुस्करून; दाटपणा त्यांचाच. सगळ्यात शेवटी साय. ती वाटीत घोटायची, तिच्यात पळीभर गरम रस्सा घालून ढवळायची आणि मग पातेल्यात सोडायची.

"सायीला आधी ओळख करून द्यायची. एकदम लोटली की फाटते. तू लोटतोस, दत्तू. सगळीकडे लोटतोस."

खरं होतं. पण लोटल्याशिवाय माझ्यासारख्याचं झालं नसतं. नवे फ्लॅट उठत होते, रंगीत टीव्ही आणि सोफे येत होते, आणि प्रत्येक नव्या खिडकीला पडदा लागत होता. मी तागे खांद्यावरून उतरवले, दुकान टाकलं, कारागीर ठेवले. रविवार मात्र मावशीचा. परीक्षांच्या तयारीला आलेली लातूर-बुलढाण्याची पोरंही यायची. प्रत्येकाला वाढण्याआधी तिचं तेच ठरलेलं वाक्य: "हे मोठ्याचं आहे." एखादा मान हलवायचा, त्याच्यापुढे वरणभात यायचा, तितक्याच मायेने, तितकंच तूप घालून. न सांगता तिने कुणाला कधी काही वाढलं नाही.

रिटायरमेंट जवळ आली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. द्वारकेत सरकारी नोकरांची एक सोसायटी बांधून होत आली होती आणि मावशी तिची जुनी सभासद होती. पण सोडतीत चौथा मजला निघाला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता, आणि मावशीचे गुडघे पार गेलेले. मी म्हणालो, "मावशी, हे माझ्यावर सोडा." त्या सोसायटीच्या हॉलच्या पडद्यांचं काम माझ्याकडेच होतं.

सेक्रेटरीने चहा मागवला. "ग्राउंड फ्लोअर की बहुत डिमांड है, भाईसाहब. और मैडम ने तो पहली मीटिंग में ही बता दिया था कि उनके यहाँ क्या पकता है. लोग बातें करते हैं."

मी सौदेबाज माणूस. समोरच्याला काय हवंय ते लगेच ओळखतो. म्हणालो, "घर में नहीं बनेगा. लिखकर दे देंगे. ग्राउंड फ्लोअर पक्का?"

"पक्का."

जिना उतरताना मी स्वतःवर खूश होतो. तळमजला मिळाला, आणि गेलं काय? एक पातेलं.

मावशीने चष्मा लावून तो लेखी हमीचा कागद दोनदा वाचला. "हे तू कबूल केलंस?"

"तळमजला मिळतोय, मावशी! चौथ्या मजल्यावर चढणार आहात का रोज?"

"पातेलं माझं होतं, दत्तू."

एवढंच म्हणाली आणि सही केली.

द्वारकेत तिने त्या पातेल्यात तांदूळ भरून ठेवले. पहिल्या हिवाळ्यात मी म्हणालो, "खिडक्या लावा आणि करा. कोण बघतंय? या बिल्डिंगीत काय काय लपून चालतं, मला माहितीये."

"सांगितल्याशिवाय वाढलं नाही कधी. आता न सांगता शिजवू?"

"मग माझ्या घरी चला. तिथे करा."

एकदा आली. केलं, आमच्या पोरांना वाढलं, स्वतः थोडंच घेतलं. निघताना म्हणाली, "छान झालं. पण माझ्या घरी ये आणि जेव, असं म्हणायचं असतं रे मला." पुन्हा आली नाही. तिच्याकडचे रविवारही विरळ झाले. वरण कुणाला वाईट नव्हतं, पण येणाऱ्यापुढे निवडायला दुसरं काही उरलं नाही, तसं तिचं ते विचारणंच संपलं. असे आठ हिवाळे गेले. मेट्रो आली, लिफ्ट आली, सोसायटीला रंग लागला.

मग सोसायटीच्या ऑफिसचे पडदे बदलायला मी गेलो. माप घ्यायला कपाट सरकवलं, वरच्या जुन्या वह्या खाली ठेवल्या, आणि सहज एक चाळली. ठराव होता: डॉक्टरचा दाखला असलेल्या वयस्क सभासदांना तळमजला आधी द्यावा. खाली चार नावं. दुसरं नाव मावशीचं; तिला ते कुणी कळवलंच नव्हतं. सभा झाली होती आमच्या त्या चहाच्या महिनाभर आधी. स्वयंपाकघराबद्दलचा नियम पुढेमागे कुठल्याच पानावर नव्हता.

जे तिचंच होतं, ते तिलाच विकलं. आणि मी, दिल्लीभर घासाघीस करून पोट भरणारा, ते घासाघीस करून विकत घेतलं.

सेक्रेटरीच्या दारात मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "अरे, पुरानी बात है. मैडम ने तो कभी शिकायत नहीं की."

मावशी त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली होती. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. नाहीतर मला हाकलून देईल. तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"तांदूळ डब्यात ओत," ती म्हणाली. "पातेलं मोकळं कर. आणि आधी वर जाऊन सांगून ये."

वरच्या मजल्यावरच्या शर्माबाईंनी दार उघडलं. त्यांच्याकडे कांदालसूणही चालत नाही. मी म्हणालो, "आज नीचे आंटी के यहाँ बड़े का पकेगा. बताने को कहा है."

"तो पकाइए," त्या म्हणाल्या. "मैं इधर की खिड़की बंद कर लूँगी. पर आप पूछने क्यों आए? हमसे तो पहले कभी किसी ने पूछा ही नहीं."

कुणीच हरकत घेतली नव्हती. आठ वर्षं कुणीच नाही.

मी मटण आणलं. मावशी पलंगावरून सांगत होती, मी करत होतो. लोणी, नळी, कांदा, मैदा. "आच कमी. अजून कमी. घाई कसली?" साय आणली, वाटीत घोटली आणि सवयीने थेट पातेल्यात लोटली. फाटली. पांढरे कण वर तरंगले.

"लोटलीस ना," मावशी म्हणाली. आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच हसली. "आण तशीच."

मी वाटी आणली. तिने माझ्याकडे बघितलं, वाटीला हात लावला नाही. मला कळायला थोडा वेळ लागला.

"हे मोठ्याचं आहे, मावशी," मी म्हणालो. "चालत नसेल तर वरण आहे."

"चालतं," ती म्हणाली.

चार चमचे घेतले तिने. थंडी सरता सरता ती गेली.

सेक्रेटरीसाहेब अजून त्याच सोसायटीत राहतात. शोकसभेत ते मावशीबद्दल चांगलं बोलले. मी उठून ओरडणार होतो, पण पेशंट झोपले होते. म्हणून आता आवाज खाली ठेवून विचारतो. साहेब, कुणाच्याच पोटात दुखत नव्हतं, तर तिचे आठ हिवाळे तुम्ही कशाला मागून घेतलेत? आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवर मीही बसतो, माझीही सुटका नको. जे माझं नव्हतं ते मी तुमच्या टेबलावर कसं ठेवलं, हे मला विचारा. पण आधी तुम्ही सांगा. मी थांबलो आहे.